आवाज कापतो तेव्हा

भाषण तोंडपाठ असते. आरशासमोर दहा वेळा म्हणून झालेले असते. मग नाव पुकारल्यावर असे काय होते, की पाय लटपटतात, घशाला कोरड पडते आणि आपलाच आवाज परका वाटू लागतो?

हा प्रश्न मला शाळकरी मुलांनी विचारला आहे, निवृत्तीच्या समारंभात दोन शब्द बोलायचे म्हणून रात्रभर न झोपलेल्या माणसांनी विचारला आहे आणि पहिल्यांदाच ग्रामसभा चालवणाऱ्या एका सरपंचबाईंनीही विचारला आहे. ‘उत्तम वक्ता कसे व्हावे’ असे यांच्यापैकी कोणालाच विचारायचे नसते. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे असते : ही भीती जाते कधी?

माझी स्वतःची सुरुवात फजितीने झाली. सहावीत असताना १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीच्या दिवशी, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ एवढे खणखणीत म्हणून मी थेट टिळकांच्या शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीपाशी पोचलो आणि पुढचे सगळे उडाले. टरफले तशीच टाकून खाली येऊन बसलो. वर्गात पुढची दोन वर्षे माझे नाव ‘टरफल’ होते.

त्यानंतर कित्येक वर्षे मी धीर येण्याची वाट पाहत राहिलो. धीर आला की आवाज सुटेल, अशी माझी समजूत होती. क्रम उलटा निघाला. आधी श्वास सुधारतो, श्वासाबरोबर आवाज सुधारतो आणि धीर या दोघांच्या मागून, रेंगाळत येतो. म्हणून या प्रकरणात भीती घालवण्याचे उपाय फारसे नाहीत. शरीर काय करते आणि त्याला आपण काय करायला लावू शकतो, एवढेच आहे.

१. धडधड कशाची?

शंभर डोळे एकदम आपल्याकडे वळले, की मेंदू त्याचा अर्थ ‘धोका’ असा लावतो. समोर वाघ आहे की महिला मंडळ, याची बारीक चौकशी तो त्या क्षणी करत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन रक्तात सुटते. हृदय जोराने चालू लागते. पळायला किंवा झुंजायला लागणाऱ्या मोठ्या स्नायूंकडे रक्त वळते, म्हणून बोटे गार पडतात. जेवण पचवणे हे त्या घटकेला निकडीचे काम नसते, म्हणून लाळ आटते आणि जीभ टाळूला चिकटते. श्वास वरच्यावर, छातीच्या वरच्या भागात चालू होतो.

स्कूटर मधल्या स्टँडवर उभी करून अ‍ॅक्सिलरेटर पिळावा, तसे हे आहे. इंजिन गुरगुरते, सगळी गाडी थरथरते आणि जागची हलत मात्र नाही. पळण्यासाठी तयार झालेले पाय आपण पोडियममागे खिळवून ठेवतो, ते कापणारच. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

म्हणून नाव पुकारले जाण्याआधी खुर्चीत आकसून बसू नये. बाहेर चार पावले चालून यावे, जिना एकदा चढून उतरावा, मुठी घट्ट आवळून सोडाव्यात. पिळलेल्या अ‍ॅक्सिलरेटरला थोडा रस्ता मिळतो.

‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावणे मात्र फारसे कामाला येत नाही. हार्वर्डमधील संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असे म्हणायला सांगितले होते, तर काहींना ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे. दुसऱ्या गटाची भाषणे ऐकणाऱ्यांना अधिक पटणारी वाटली. कारण साधे आहे. उत्साहातही छाती धडधडतेच. लग्नाच्या वरातीत नाचायला उतरताना धडधडते, तशीच. धडधड थांबवणे आपल्या हाती नसते, तिला कोणते नाव द्यायचे ते असते.

आणखी एक दिलासा. बहुतेकांची धडधड सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि बोलणे चालू झाले की उतरत जाते. म्हणजे खरी लढाई पहिल्या मिनिटाची आहे.

२. भाता, पट्ट्या आणि भोपळा

आता आवाज कापतो का, हे समजून घेण्यासाठी तो तयार कसा होतो ते पाहू. पेटी वाजवताना पाहिली असेल, तर निम्मे काम झाले. भाता हवा ढकलतो, ती हवा आतल्या पितळी पट्ट्यांना थरथरवते आणि सूर निघतो. आपल्यात फुप्फुसे हा भाता आहे. पट्ट्यांच्या जागी गळ्यातल्या स्वरयंत्रात आडव्या बसवलेल्या दोन मऊ स्वरपट्ट्या आहेत. पुरुषांत त्या सुमारे दोन सेंटिमीटर लांब असतात, स्त्रियांत थोड्या आखूड आणि बारीक. बोलताना त्या एकमेकींजवळ येतात आणि खालून येणारी हवा त्यांना उघडमिट करायला लावते. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही उघडमिट सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, स्त्रीच्या बोलण्यात १८० ते २२० वेळा. लहान मुलांत त्याहूनही जास्त. म्हणून त्यांचा आवाज चढा.

पण नुसत्या पट्ट्यांचा आवाज एखाद्या पिपाणीसारखा असतो. त्याला भरदारपणा येतो तो वरच्या पोकळ्यांमुळे, म्हणजे घसा, तोंड आणि नाक यांमुळे. तंबोऱ्याची तार भोपळ्यावाचून छेडली तर कशी ऐकू येईल? हा आपला भोपळा. आणि मग जीभ, ओठ, दात, टाळू त्या नादाला कापून-घडवून अक्षरे पाडतात.

आता भीतीत काय होते ते पाहा. श्वास छातीच्या वरच्या टोकाला अडकला, म्हणजे भाता पुरता भरलाच नाही. मान आणि खांदे आवळले, म्हणजे पट्ट्या ताणल्या गेल्या. ताणलेली पट्टी चढा सूर देते. जबडा घट्ट झाला, म्हणजे भोपळ्याचे तोंड मिटले. थोडी, थरथरती हवा, ताणलेल्या पट्ट्या आणि बंद भोपळा : याची बेरीज म्हणजे तो किनरा, कापरा आवाज, जो आपण ‘माझा आवाजच असा आहे’ म्हणून आयुष्यभर सांभाळतो.

यातली फक्त एक गोष्ट आपल्या थेट ताब्यात आहे : भाता. हृदयाला ‘हळू’ म्हणून सांगता येत नाही, श्वासाला येते. सुरुवात अशी करा. उताणे झोपा, पोटावर एखादे पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर उचलले गेले पाहिजे आणि खांदे जागचे हलता कामा नयेत. फुप्फुसांच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे, तो खाली सरकला की पोट पुढे येते. एवढे जमले की उभे राहून करा. मग श्वास भरून दातांच्या फटीतून ‘स्स्स्’ असा आवाज सोडत राहा आणि घड्याळाकडे पाहा. किती सेकंद टिकला याला दुय्यम महत्त्व आहे. तो एकसारखा टिकला की मध्ये डुगडुगला, हे पाहायचे. समजा पहिल्या दिवशी दहा सेकंदांनंतर तो डुगडुगला. तर सध्या तुमचे वाक्य दहा सेकंदांहून लांब असता कामा नये. इतके हे सरळ गणित आहे.

गवयांच्या घरी पहाटे खर्ज लावण्याची रीत आहे. खालच्या षड्जावर आवाज स्थिर करत राहायचे, बाकी काही नाही. शेजारी वैतागतात, पण त्यामागचे तत्त्व हेच आहे : ढिला गळा आणि लांब, सम श्वास. वक्त्याला खर्जाचा रियाज करायला हरकत नाही. ओठ मिटून पाच मिनिटे गुणगुणले तरी चालते. गुणगुणताना ओठांना आणि नाकाच्या पाळ्यांना मुंग्या आल्यासारखे वाटले, तर भोपळा जागा झाला म्हणून समजा.

३. मराठी वाक्याचे शेपूट

भाषणकलेच्या इंग्रजीवरून उतरवलेल्या पुस्तकांत जी गोष्ट मला सापडत नाही आणि मराठी वक्त्याला सर्वांत जास्त नडते, ती आता सांगतो.

मराठीत क्रियापद शेवटी येते. नकारही शेवटी येतो. इंग्रजीत ‘नाही’ वाक्याच्या मध्येच येऊन जाते. आपल्याकडे वाक्य संपेपर्यंत ऐकणारा टांगलेला राहतो. ‘कार्यकारिणीने मांडलेला वर्गणीवाढीचा हा प्रस्ताव आम्हा सर्व सभासदांना मान्य...’ इथवर ऐकून अध्यक्ष हसू लागतात. पुढे ‘नाही’ आहे. आणि नेमका तिथेच वक्त्याचा श्वास संपलेला असतो. ‘नाही’ त्याच्या ओठांपर्यंत येते आणि मिशीत राहते. मागच्या रांगेतला माणूस घरी जाऊन सांगतो, की प्रस्ताव मान्य झाला.

विधान करताना वाक्याच्या अखेरीस सूर खाली येतो, ते स्वाभाविक आहे. सूर उतरला तर उतरू द्यावा, जोर उतरू देऊ नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या हातात हात घालून खड्ड्यात जातात.

यासाठी एक व्यायाम आहे. वर्तमानपत्रातला कोणताही मजकूर घ्या आणि प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे दोन शब्द मोठ्याने म्हणत जा : ‘मंजूर झाला’, ‘सांगितले नाही’, ‘करावे लागेल’. मग सबंध वाक्ये वाचा. आठवड्याभरात वाक्याच्या शेपटापर्यंत पुरेल एवढा श्वास राखून ठेवण्याची सवय लागते. आणि वाक्य तिथवर पोचतच नसेल, तर ते तोडा. ‘गेल्या वर्षी दुष्काळामुळे ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी आटल्या होत्या त्यांना मिळणारी मदत अजून मिळालेली नाही’ हे कागदावर ठीक आहे. तोंडी मात्र ‘गेल्या वर्षी विहिरी आटल्या. शेतकऱ्यांना मदत मिळणार होती. ती अजून मिळालेली नाही.’ तीन श्वास, तीन वाक्ये, आणि ‘नाही’ अगदी उघड्यावर.

४. काकु, विराम आणि ‘या ठिकाणी’

‘तू काल मुंबईला गेला होतास’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा ‘तू’वर जोर द्या, मग ‘काल’वर, मग ‘मुंबईला’वर. शब्द तेच राहतात, पण पहिल्या वेळी माणसाविषयी संशय असतो, दुसऱ्या वेळी दिवसाविषयी, तिसऱ्या वेळी गावाविषयी. आवाजाच्या अशा वळणाने अर्थ बदलण्याला आपल्या जुन्या शास्त्रात ‘काकु’ म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याची सविस्तर चर्चा आहे आणि आवाजाची उर, कंठ आणि शिर ही तीन स्थानेही तिथे सांगितली आहेत.

पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथात वाईट वाचकांचे सहा प्रकार दिले आहेत : गाऊन म्हणणारा, घाई करणारा, मान हलवत राहणारा, लिहिलेलेच वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि बारीक गळ्याचा. कोणत्याही शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हे सहाही जण आजही भेटतात, बहुधा सकाळच्या सत्रातच. त्याच ग्रंथात चांगल्या वाचकाचे सहा गुणही आहेत. त्यांत गोडवा आहे, स्पष्ट अक्षरे आहेत, पदे नीट तोडणे आहे, चांगला स्वर आहे, लय सांभाळणे आहे आणि ‘धैर्य’ही आहे. धैर्य हा उच्चारातला गुण म्हणून मोजलेला आहे, हे मला फार आवडते.

पदे तोडणे म्हणजे योग्य जागी थांबणे. आपण थांबायला घाबरतो. बोलणाऱ्याला दोन सेकंदांची शांतता अर्ध्या तासासारखी वाटते. ऐकणाऱ्याला तेवढ्यात कुठे मागचे वाक्य गिळायला सवड मिळते. ही शांतता सहन होत नाही म्हणून आपण ती कशाने तरी भरतो. कोणी ‘अं’ म्हणतो, कोणी ‘म्हणजे’, कोणी ‘काय आहे की’. मराठी व्यासपीठाचे खास भरताड ‘या ठिकाणी’ आणि ‘त्या ठिकाणी’ हे आहे. ‘या ठिकाणी मी या ठिकाणी जमलेल्या सर्वांचे या ठिकाणी स्वागत करतो.’ ठिकाण एकच, पत्ता तीनदा.

राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी टोस्टमास्टर्स नावाचा भाषण-सरावाचा क्लब सुरू केला. आता त्याच्या शाखा जगभर आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. तिथे दर सभेत एका सभासदाकडे वक्त्याचे ‘अं’ मोजण्याचे काम असते. घरी हे काम मुलांकडे द्या. आई-बाबांचे ‘म्हणजे’ मोजायला मुले एका पायावर तयार असतात. मोजणी सुरू झाली की आकडा आपोआप उतरतो.

५. फोनमधला तो आवाज माझा?

आपलेच ध्वनिमुद्रण ऐकून बहुतेक जण कान झाकतात. फोनचा दोष नसतो. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, बाहेरून कानात. दुसरी कवटीच्या हाडांतून, आतल्या आत. हाडांतून खालचे, जड नाद चांगले पोचतात, म्हणून स्वतःला आपण भारदस्त वाटतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेची वाट उरते. थोडक्यात, जग रोज ऐकते तोच हा आवाज, आणि जगाने अजून तक्रार केलेली नाही. आठ-दहा वेळा ऐकले की तो परका वाटेनासा होतो. मग ऐकायचे ते वाक्यांच्या शेपटांसाठी.

६. लोकांना किती दिसते?

‘माझे हात थरथरत होते, सगळ्यांनी पाहिले असणार.’ खरेच?

कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. त्या मुलांच्या लेखी तो शर्ट लाजिरवाणा होता. खोलीतल्या किती जणांच्या तो लक्षात आला असेल, असे विचारल्यावर त्यांनी जवळजवळ निम्म्यांचा अंदाज केला. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला होता. पुढे २००३ मध्ये केनेथ सावित्स्की आणि गिलोविच यांनी भाषणाचीच परीक्षा घेतली. वक्त्यांना आपली घाबरगुंडी जेवढी उघड वाटत होती, तेवढी ती श्रोत्यांना दिसत नव्हती. आणि गंमत अशी, की ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधीच सांगितली होती, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. तुम्हालाही ती आता सांगून झाली आहे.

तरीही कधी सपशेल फजिती होतेच. मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टर होऊन मुंबईत आले, तेव्हा लघुवाद न्यायालयात त्यांना ममीबाई नावाच्या बाईंचा पहिला खटला मिळाला. फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील करा म्हणून सांगितले आणि फी परत केली. त्याआधी लंडनमध्ये शाकाहारी मित्रांना दिलेल्या निरोपाच्या मेजवानीत पाठ केलेले भाषण पहिल्याच वाक्यानंतर विसरले होते. हे सगळे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे.

मग १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीत ते व्यापारातल्या सचोटीवर बोलले. ते त्यांच्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, आणि ते नीट पार पडले. मधल्या काळात त्यांनी आवाजाचा रियाज केल्याची कुठे नोंद नाही. फरक माझ्या मते असा, की मुंबईत ते स्वतःकडे पाहत होते आणि प्रिटोरियात समोरच्यांकडे. त्या लोकांना काही सांगणे त्यांना निकडीचे वाटत होते.

७. पाच शब्दांचे टिपण

पाठांतर ही दोरीवरची कसरत आहे. एक शब्द निसटला की माणूस खालीच. माझी टरफले त्यातलीच. कागद वाचून दाखवणे सुरक्षित असते, पण मग नजर कागदात आणि आवाज छातीत अडकतो. मधला मार्ग म्हणजे मुद्द्यांचे टिपण.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक सोसायटी, वार्षिक सभा, गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवावे असा प्रस्ताव तुम्हाला तीन मिनिटांत मांडायचा आहे. ‘आज मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी सर्वप्रथम...’ अशी सुरुवात केली, तर लोक सर्वप्रथम मोबाइल काढतील. त्याऐवजी विचारा : ‘मे महिन्यात आपण किती टँकर मागवले?’ कोणीतरी आकडा सांगेलच. मग हिशेब मांडा. गच्ची ३०० चौरस मीटर. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस. म्हणजे गच्चीवर वर्षाला २,१०,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २१ टँकर. गळती, बाष्पीभवन, पहिला गढूळ पाऊस यांत पाचवा भाग गेला असे धरा, तरी सोळा-सतरा टँकर आपण गटारात सोडतो. मग खर्च सांगा आणि ठराव वाचा.

हातातल्या चिठ्ठीवर एवढेच हवे : टँकर, गच्ची, २१, खर्च, ठराव. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र तोंडपाठ करा. पहिले यासाठी, की धडधड तेव्हा शिखरावर असते आणि त्या मिनिटात आठवण्याचे कष्ट नकोत. शेवटचे यासाठी, की अनेकांना बोलणे थांबवता येत नाही. ‘जाता जाता एवढेच सांगतो’ म्हणून ते जातच नाहीत.

वेळेचाही हिशेब घालून ठेवा. अग्रलेख एक मिनिट मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. समजा ११० भरले. पाच मिनिटांचे ५५० होतात. थांबणे, टाळ्या, माईक नीट करणे यांचे शंभर वजा करा. उरले साडेचारशे, म्हणजे हाताने लिहिलेली फुलस्केपची जेमतेम दोन पाने. लोक सहा पाने घेऊन येतात आणि मग पळत सुटतात.

८. श्रोत्याला कामाला लावा

बोलणे शिकायला महाराष्ट्रात व्याख्यानांचा तोटा कधीच नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. पण मला विचाराल तर पहिला धडा कीर्तनातून घ्यावा. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात एखादा विचार सोडवून सांगतो आणि उत्तररंगात त्याच विचाराची गोष्ट सांगतो. आधी डोक्याला, मग मनाला. पाच मिनिटांच्या भाषणालाही हा साचा बसतो.

गाडगेबाबा तर त्याही पुढे गेले. ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, हे त्यांना वरून सांगावे लागत नसे, समोरचा समुदायच ते बोलून जाई. समोरचे उत्तर देऊ लागले की व्याख्यान उरत नाही, गप्पा होतात. आणि गप्पा मारताना कोणाचे पाय कापलेले मी पाहिलेले नाहीत.

९. माईक आणि गळा

माईकविषयी थोडेच. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकर घालू नका, ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का’ हे साउंडवाल्याने आधीच म्हटलेले असते. तोंड आणि माईक यांत एका मुठीचे अंतर ठेवा आणि किंचित बाजूने बोला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची हवा फाटकन आपटणार नाही. माईक हातात घेऊन स्पीकरसमोर गेलात, तर शिट्टी वाजणारच.

गळ्याविषयी गैरसमज फार आहेत. गिळलेले पाणी किंवा ज्येष्ठमध स्वरपट्ट्यांना स्पर्श करत नाही. ते शेजारच्या अन्ननलिकेतून जाते. घशाला बरे वाटते, ते खरेच. पाण्याचा खरा उपयोग दिवसभर पीत राहिल्याने होतो, भाषणाआधी अर्धा तांब्या रिचवून नव्हे. सारखे खाकरू नका, त्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्यापेक्षा एक घोट घ्या. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून मंगल कार्यालयात दोन तास गप्पा मारून गळा बसतो आणि आपण दोष आइस्क्रीमला देतो. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण गळ्याचे दुखणे हे त्यांचे व्यवसायाचे दुखणे आहे. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

आता सुरुवात कुठून करायची? स्पर्धा नको, अध्यक्षपद तर नकोच. पुढच्या कार्यक्रमात संयोजक ‘आभार कोण मानेल?’ म्हणून इकडेतिकडे पाहू लागले, की हात वर करा. आभारप्रदर्शन दोन मिनिटांचे असते, नावे कागदावर लिहिलेली असतात, चुकले तर एखादे नाव चुकते. आणि तोवर सगळ्यांचे लक्ष चहाकडे लागलेले असते.